एक आजार, दहा नावे : पक्षाघाताची नोंद आणि आपली जबाबदारी

१९३२ साली मताधिकाराचा विचार करणारी लोथियन समिती देशभर फिरत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे एक सभासद होते. समितीपुढे एक प्रश्न वारंवार येत होता : अस्पृश्यांची संख्या नेमकी किती? संयुक्त प्रांतापुरते पाहिले तर १९३१ च्या खानेसुमारीप्रमाणे ती १ कोटी २६ लाख भरत होती. प्रांतिक सरकारच्या हिशेबाने ६८ लाख होत होती, तर प्रांतिक मताधिकार समितीच्या मते अवघी ६ लाख! प्रांत तोच, माणसे तीच, काळही तोच. बदलली होती ती फक्त 'अस्पृश्य कोणाला म्हणावे' याची व्याख्या. या आकड्यांमागचे राजकारण बाबासाहेबांनी पुढे आपल्या लेखनात उघडे केले. मोजदाद ही निरुपद्रवी कारकुनी नसते, तिच्यावर माणसांचा वाटा अवलंबून असतो, हा धडा आपल्या समाजाने तेव्हाच घेतला आहे.

हाच धडा आज एका वेगळ्या क्षेत्रात लागू करून पाहावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते क्षेत्र म्हणजे रुग्णालयातील नोंदी, आणि उदाहरणादाखल घेतलेला आजार म्हणजे पक्षाघात. आम्ही वैद्यकीय क्षेत्रातले नव्हे. कलाशाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून, एवढाच आमचा अधिकार. तेव्हा औषधोपचाराबद्दल आम्ही काही सांगणार नाही. परंतु नोंद कशी ठेवावी, एकाच गोष्टीला प्रत्येकाने निराळे नाव दिले तर हिशेबाचे काय होते, हा विषय मात्र आमच्या रोजच्या परिचयाचा आहे.

आजाराची ओळख

मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी अचानक बंद पडली किंवा फुटली, तर त्या भागातील पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो. त्या पेशी मरू लागतात आणि त्या ज्या अवयवाचे काम पाहत असतात तो अवयव लुळा पडतो. यालाच आपण पक्षाघात म्हणतो. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर शरीराची उजवी बाजू जाते, आणि उजव्या बाजूला झाली तर डावी. पुष्कळांची वाचाही जाते.

पक्षाघाताचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात रक्ताच्या गुठळीमुळे वाहिनी बंद होते. दुसऱ्यात वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बहुसंख्य रुग्ण पहिल्या प्रकारातील असतात. दोन्हींत बाहेरून दिसणारी लक्षणे बरीचशी सारखीच असतात, पण उपचार अगदी उलट. गुठळी विरघळविण्याचे औषध रक्तस्रावाच्या रुग्णाला दिले तर त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून सी.टी. स्कॅन महत्त्वाचा. १९७१ साली इंग्लंडमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सी.टी. स्कॅन झाला. त्यापूर्वी रुग्ण जिवंत असताना हा भेद खात्रीने सांगणे डॉक्टरांनाही फार कठीण होते.

गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सबब, 'रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला' ही वेळ म्हणजे या आजारातील सर्वांत मोलाची नोंद होय. ती सांगणारा डॉक्टर नसतो. ती घरचा माणूस सांगतो. म्हणजे पक्षाघाताच्या नोंदीची पहिली ओळ लिहिण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, हे ध्यानात ठेवावे.

नावांचा घोटाळा

आता या एका आजाराची नावे पाहा. खेड्यात म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं.' कोणी लकवा म्हणतो, कोणी अर्धांगवायू. शहरात 'पॅरालिसिस झाला' असे म्हणतात. वर्तमानपत्रात मेंदूचा झटका असतो. घरी नुसतेच 'अॅटॅक आला' एवढे म्हटले जाते, आणि मग तो हृदयाचा की मेंदूचा हे विचारावे लागते. फेफऱ्यालाही झटका म्हणतात. मेंदूत रक्ताची गुठळी झाली असे डॉक्टर सांगतात. घरी पोहोचेपर्यंत त्याचे 'मेंदूत गाठ झाली' असे होते. गाठ म्हटली की शेजारीपाजारी कर्करोगाबद्दल कुजबुजू लागतात.

डॉक्टरांच्या कागदावर एकवाक्यता असेल असे वाटते, पण तिथेही तीच तऱ्हा आढळते. एक डॉक्टर 'सी.व्ही.ए.' लिहितात. दुसरे 'उजव्या बाजूचा हेमिप्लेजिया' लिहितात. हे खरे तर आजाराचे नाव नव्हे, तो आजाराचा परिणाम आहे. तिसरे मेंदूतील वाहिनीचे नाव घालून 'एम.सी.ए. इन्फार्क्ट' लिहितात. चौथे प्रश्नचिन्ह काढून पुढे 'स्ट्रोक' लिहितात आणि ते प्रश्नचिन्ह शेवटपर्यंत कोणी पुसत नाही. 'लेफ्ट सी.व्ही.ए.' असे लिहिले तर डावी बाजू मेंदूची की शरीराची, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. या प्रत्येक डॉक्टरांना आपल्यासमोरचा रुग्ण नीट समजलेला असतो. उपचारही योग्य होतात. परंतु वर्षअखेरीस 'आपल्या रुग्णालयात पक्षाघाताचे रुग्ण किती आले' असे विचारले, तर नोंद विभागातील कर्मचाऱ्याने या दहा नावांपैकी कोणती शोधायची? त्याने 'स्ट्रोक' शब्द शोधला तर 'सी.व्ही.ए.' सुटतात. 'सी.व्ही.ए.' शोधला तर 'हेमिप्लेजिया' सुटतात. संगणक आला म्हणून हा दोष जात नाही. संगणक लिहिलेला शब्द शोधतो, लिहिणाऱ्याच्या मनातला अर्थ शोधत नाही.

खाते एकच असावे

बँकेत एका खातेदाराची रक्कम तीन निरनिराळ्या नावांनी तीन पानांवर जमा केली, तर पैसा कुठे गेलेला नसतो, तरीही खातेदाराची शिल्लक चुकीची दिसते. त्याच्यापुरता तो गरीब ठरतो. म्हणून प्रत्येक खात्याला क्रमांक असतो. नावाचे स्पेलिंग बदलले तरी क्रमांक बदलत नाही.

आजारांनाही असे क्रमांक आहेत. मृत्यूच्या कारणांची एक आंतरराष्ट्रीय यादी असावी या विचाराने फ्रान्सचे संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी १८९३ साली एक वर्गीकरण मांडले. त्यात वेळोवेळी सुधारणा होत गेल्या आणि १९४८ पासून ते काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती, जिला आय.सी.डी.-१० म्हणतात, १९९० साली मान्य झाली. तिच्यात पक्षाघाताशी संबंधित प्रमुख खाती अशी आहेत :

आय-६० : मेंदूच्या आवरणाखाली झालेला रक्तस्राव.
आय-६१ : प्रत्यक्ष मेंदूत झालेला रक्तस्राव.
आय-६३ : रक्तपुरवठा बंद पडून मेंदूचा भाग मृत होणे.
आय-६४ : पक्षाघात, परंतु रक्तस्राव की गुठळी हे ठरलेले नाही.
आय-६९ : पूर्वी झालेल्या पक्षाघाताचे मागे राहिलेले परिणाम.
जी-४५ : तात्पुरता झटका, ज्याला डॉक्टर टी.आय.ए. म्हणतात.

अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दहाव्या आवृत्तीत पक्षाघात रक्ताभिसरणाच्या आजारांत होता. अकराव्या आवृत्तीत तो मज्जासंस्थेच्या आजारांत गेला आहे आणि त्याचे क्रमांकही बदलले आहेत. खातेवही बदलताना जुनी शिल्लक नव्या वहीत नीट ओढावी लागते, नाहीतर एका वर्षात रुग्ण एकदम घटले किंवा वाढले असा भास होतो. ज्या वर्षी क्रमांक बदलतात त्या वर्षीच्या आकड्यांकडे म्हणून दुप्पट सावधगिरीने पाहिले पाहिजे.

एक रुग्ण, पाच कागद

विद्यार्थी मित्रांना हा विषय नीट समजावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ५८ वर्षांच्या एका बाईंचा उजवा हात सकाळी लुळा पडला. त्यांना प्रथम ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथे केसपेपरवर लिहिले : 'उजव्या अंगात अशक्तपणा, बी.पी. वाढलेले.' तिथून जिल्हा रुग्णालयात पाठविले. तिथे लिहिले : 'सी.व्ही.ए.' स्कॅनसाठी मोठ्या शहरात नेले. तिथे लिहिले : 'डाव्या बाजूचा इन्फार्क्ट.' दहा दिवसांनी सुट्टी मिळाली, त्या कार्डावर आले : 'हेमिप्लेजिया, उच्च रक्तदाब.' चार महिन्यांनी त्या न्यूमोनियाने पुन्हा दाखल झाल्या, तेव्हा कागदावर लिहिले गेले : 'सी.व्ही.ए., न्यूमोनिया.'

आता मोजणी करा. पहिल्या कागदावर आजाराचे नावच नाही, म्हणून तो शून्य. दुसरा आणि तिसरा मिळून दोन रुग्ण धरले जातील, कारण दोन रुग्णालये एकमेकांच्या वह्या पाहत नाहीत. चौथा कागद परिणामाच्या खात्यात जाईल. पाचवा मात्र नवा पक्षाघात म्हणून धरला जाईल, वास्तविक तो जुनाच आहे. अशा रीतीने एका बाईंचा एक पक्षाघात कुठे शून्य, कुठे दोन, कुठे तीन ठरतो. यात खोटे कोणीच लिहिलेले नाही. तरी बेरीज खोटी आहे.

म्हणून या विषयातील जाणकारांनी काही नियम घालून दिले आहेत. पहिला, व्याख्या एक असावी. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी, रूढ व्याख्या सांगते की मेंदूच्या कार्यात झपाट्याने बिघाड व्हावा, तो २४ तासांहून अधिक टिकावा किंवा त्यात मृत्यू यावा, आणि त्याला रक्तवाहिन्यांखेरीज दुसरे कारण दिसू नये. लक्षणे २४ तासांच्या आत पूर्ण गेली तर तो तात्पुरता झटका. पुढे स्कॅनची यंत्रे सुधारली. लक्षणे गेली तरी मेंदूवर डाग उरला असेल तर तो पक्षाघातच धरावा, असे नवे मत अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००९ आणि २०१३ साली मांडले. दोन्ही व्याख्यांना आपापली बाजू आहे. मात्र एका रुग्णालयात निम्म्यांनी जुनी व निम्म्यांनी नवी वापरली, तर त्यांच्या आकड्यांची तुलना होऊ शकत नाही.

दुसरा नियम, एक घटना एकदाच मोजावी. हृदयविकार व पक्षाघाताच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत २८ दिवसांची मर्यादा धरलेली होती. त्या मुदतीत पुन्हा काही झाले तर ती तीच घटना, त्यानंतर झाले तर नवी. तिसरा नियम, पहिलाच पक्षाघात की दुसऱ्यांदा आलेला, हे वेगळे लिहावे. चौथा, बाजू लिहिताना 'मेंदूची' की 'शरीराची' हा शब्द गाळू नये. पाचवा, निदान कशाच्या आधारे झाले, म्हणजे स्कॅन झाला की नाही, हेही नोंदवावे.

'ठरले नाही' असे लिहिण्याचे धैर्य

वर आय-६४ या खात्याचा उल्लेख आला. बँकेत ज्या रकमेचा धनी तत्काळ कळत नाही ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. ते खाते असण्यात गैर काही नाही. तपास न करता रक्कम कोणाच्या तरी नावावर दडपून टाकण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरे. मात्र सस्पेन्स खाते फुगत चालले तर तपासनीस विचारणारच की शोध का घेतला नाही.

आय-६४ चे तसेच आहे. स्कॅनच झाला नसेल, तर गुठळी की रक्तस्राव हे अंदाजाने लिहिणे म्हणजे असत्य लिहिणे. 'ठरले नाही' असे प्रामाणिकपणे लिहिणे हीच सम्यक नोंद. आणि अशा प्रामाणिक नोंदीला पुढे फळ येते. एखाद्या जिल्ह्यात आय-६४ चे रुग्ण फार दिसले, तर तिथे स्कॅनची सोय नाही किंवा गरिबाला ती परवडत नाही, असा तर्क करता येतो आणि यंत्राची मागणी करता येते. तीच माणसे अंदाजपंचे आय-६३ मध्ये घातली असती तर कागदोपत्री सारे आलबेल दिसले असते आणि यंत्र आलेच नसते.

जे रुग्णालयात पोहोचलेच नाहीत

मुंबईच्या एच वॉर्डमध्ये २००५ व २००६ या दोन वर्षांत पक्षाघाताची लोकसंख्येवर आधारित नोंद करण्यात आली. १ लाख ५६ हजार ८६१ लोकवस्तीत पहिल्यांदाच पक्षाघात झालेले ४५६ रुग्ण आढळले. म्हणजे वर्षाला दर लाखामागे १४५. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची तीन पायऱ्यांची पद्धत वापरली होती. पहिली पायरी रुग्णालयात दाखल झालेल्यांची, दुसरी वस्तीत मृत्यू पावलेल्यांची, तिसरी दाखल न होता घरीच राहिलेल्या जिवंत रुग्णांची. पहिल्याच पायरीवर थांबले तर पुष्कळ माणसे गळतात, हे ओळखूनच पुढच्या दोन पायऱ्या बांधलेल्या आहेत.

ही गळती किती असू शकते ते गडचिरोलीने दाखविले. 'सर्च' या संस्थेने तेथील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात घडलेल्या १,५९९ मृत्यूंची कारणे शोधली. गावातील आरोग्यसेवकांनी मृत्यूची नोंद घ्यायची, घरच्यांना ठरावीक प्रश्न विचारायचे आणि डॉक्टरांनी त्या उत्तरांवरून कारण ठरवायचे, अशी ती पद्धत. त्यांतील २२९ मृत्यू, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झालेले निघाले. मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक पहिला होता. पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे अशी समजूत बाळगणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, पक्षाघाताने गेलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के माणसे घरीच गेली. कोणत्याही रुग्णालयाच्या वहीत त्यांचा मृत्यू नोंदला जाण्याचा प्रश्नच नव्हता. गावातल्या माणसाने गावातल्या माणसाला विचारून ती नोंद केली, म्हणून ती झाली.

मृत्यूच्या दाखल्याचीही गोष्ट अशीच. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली मृत्यूच्या वैद्यकीय कारणाचा दाखला देण्याची तरतूद आहे. तरीही २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंना असा दाखला होता. कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. आता रुग्णालयात मृत्यू झाल्यास कारणाचा दाखला निबंधकाकडे पाठविणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकास देणे बंधनकारक आहे.

या दाखल्यात कारणांची साखळी लिहायची असते. वर तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे झाले, त्याखाली मूळ कारण. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला माणूस शेवटी न्यूमोनियाने जातो. दाखल्यावर एकटा न्यूमोनिया लिहिला तर तो मृत्यू फुप्फुसाच्या आजारात जमा होतो. 'हृदयक्रिया बंद पडली' एवढेच लिहिले तर त्यातून काहीच कळत नाही, कारण हृदयक्रिया तर मरणाऱ्या प्रत्येकाचीच बंद पडते.

यात आपले काय?

कोणी म्हणेल, गेलेला माणूस गेला, कोणत्या खात्यात घातला याने काय फरक पडतो? फरक पडतो. जिल्ह्यात स्कॅनचे यंत्र बसवायचे की नाही, व्यायामोपचार करणाऱ्यांची पदे किती भरायची, रक्तदाबाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किती पाठवायच्या, हे सारे आकड्यांवर ठरते. निदान ठरावे तरी. केंद्र सरकारने २०१० साली कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. अशा कार्यक्रमात आपल्या वस्तीचा हक्क सांगायचा तर आपल्या वस्तीतले रुग्ण नोंदीत दिसले पाहिजेत. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची नोंद खासगी रुग्णालयात व्यवस्थित होते. हातावर पोट असणाऱ्यांचे कागद मात्र एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाताना हरवतात. नोंदीची गळती ही अशी गरिबाच्या बाजूनेच जास्त होते.

घरापुरता विचार केला तरी नोंदीचे मोल कमी नाही. पक्षाघातानंतर हातापायात कायमचे अधूपण राहिले तर २०१६ च्या कायद्यानुसार दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. त्यासाठी सादर कराव्या लागणाऱ्या कागदांत एका ठिकाणी उजवी बाजू आणि दुसऱ्या ठिकाणी डावी बाजू असेल, तर लुळ्या हाताच्या माणसाला खेटे घालावे लागतात. विम्याच्या किंवा शासकीय योजनेच्या दाव्यातही निदानाचा शब्द जुळला नाही तर प्रकरण परत येते.

धम्माची दृष्टी

भगवान बुद्धाने दुःखाचा विचार वैद्याच्या शिस्तीने केला, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते दूर होऊ शकते, आणि त्यासाठी मार्ग आहे. या क्रमात पहिली पायरी आहे ती दुःख जसे आहे तसे ओळखण्याची. दुःखाला चुकीचे नाव दिले तर पुढच्या तिन्ही पायऱ्या चुकतात. विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. त्याला अतिसार झाला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धाने आनंदाला बरोबर घेऊन स्वतः त्याला स्नान घातले, उचलून निजविले. मग भिक्खुसंघाला बोलावून पहिल्यांदा चौकशी केली : तो कुठे आहे, त्याला कोणता आजार आहे, त्याची शुश्रूषा कोण करतो? उपदेश त्यानंतर केला.

बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली संगीती भरली. परंपरेनुसार उपालीने विनय सांगितला आणि आनंदाने धम्म सांगितला. प्रत्येकाने आपापल्या आठवणीप्रमाणे वेगवेगळे शब्द वापरले असते तर काही पिढ्यांत मूळ बोल ओळखू आला नसता. म्हणून सर्वांनी मिळून एक पाठ निश्चित केला आणि एका सुरात म्हटला. आमच्या मते रुग्णालयांच्या नोंदीलाही अशाच संगीतीची गरज आहे. ग्रामीण रुग्णालयापासून मोठ्या इस्पितळापर्यंत सर्वांनी एका आजारासाठी एकच शब्द वापरायचा. हे काम थोर नाही, पण ते एकट्याने होत नाही.

आपण काय करू शकतो?

(१) पक्षाघाताची शंका येताच घड्याळ पाहा. रुग्ण शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा आणि डॉक्टरांच्या हाती द्या. झोपेतून उठल्यावर लक्षणे दिसली तर उठण्याची वेळ लिहू नका, रात्री झोपण्याची वेळ लिहा. रात्री उठून तो नीट बोलला-चालला असेल तर ती वेळ लिहा.

(२) तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर मांत्रिकाकडे किंवा मालिशवाल्याकडे वेळ घालवू नका. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा.

(३) सुट्टी होताना कार्डावर या गोष्टी आहेत का ते पाहा : पक्षाघाताचा प्रकार, मेंदूची बाजू, शरीराची बाजू, लक्षणे सुरू झाल्याची तारीख, स्कॅन झाला की नाही, पहिलाच की पुन्हा. एखादी नसेल तर नम्रपणे विचारा. विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

(४) सर्व कागद एका फायलीत तारखेप्रमाणे लावा आणि दुसऱ्या रुग्णालयात जाताना ती फाईल बरोबर न्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षे जपावयाचे असतात आणि मागणी केल्यास ७२ तासांत द्यावयाचे असतात.

(५) घरात मृत्यू झाला तर कारण सांगताना 'अॅटॅक' म्हणून मोकळे होऊ नका. पूर्वी पक्षाघात झाला होता हे सांगा, जुने कागद दाखवा.

(६) १४ एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी जी आरोग्य शिबिरे होतात त्यांत रक्तदाबाचा आकडा, वय आणि 'पूर्वी पक्षाघात झाला आहे काय' हा प्रश्न एका ठरावीक तक्त्यात लिहावा. दर वर्षी तक्ता बदलू नये. पाच वर्षे एकच तक्ता भरला तर आपल्या वस्तीचे चित्र आपल्याच हाती येईल.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

वर दिलेल्या खात्यांकडे पाहून पुढील प्रसंग कुठे नोंदवावेत ते ठरवा.

(अ) उजवा हात लुळा, स्कॅनमध्ये मेंदूचा भाग रक्ताविना मृत झालेला. (आ) डावा हात पंधरा मिनिटे बधिर, नंतर पूर्ण ठीक, स्कॅन स्वच्छ. (इ) दोन वर्षांपूर्वीच्या पक्षाघाताने पाय ओढत चालणारे गृहस्थ, आता तापाने दाखल. (ई) अचानक बेशुद्ध, अंगाची एक बाजू गेलेली, स्कॅनपूर्वीच मृत्यू, डॉक्टरांचे निदान पक्षाघात. (उ) मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार, मेंदूत रक्त साकळलेले. (ऊ) चेहऱ्याच्या चेतातंतूला सूज येऊन तोंड वाकडे झाले आहे, असे डॉक्टरांनी तपासून सांगितलेले.

उत्तरे : (अ) आय-६३. (आ) जी-४५. (इ) दाखल होण्याचे कारण ताप. मागे राहिलेल्या अधूपणासाठी आय-६९, नवा पक्षाघात नव्हे. (ई) आय-६४. (उ) व (ऊ) पक्षाघाताच्या कोणत्याच खात्यात नाहीत. पहिला अपघात आहे, दुसरा निराळा आजार आहे. परंतु तोंड वाकडे होण्याचे कारण कोणते, हा निवाडा डॉक्टरांनीच करावा. घरच्यांनी करू नये.

ज्यांना ही सहाही उत्तरे बरोबर आली त्यांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. रुग्णालयातील नोंदी व संकेतांकन हे आता एक स्वतंत्र शिक्षणक्षेत्र आहे. डॉक्टर आणि परिचारिका होण्याची इच्छा आपली मुले बोलून दाखवितात, ती स्तुत्यच आहे. परंतु नोंद विभागात बसून एकेक कागद वाचणारा, 'साहेब, ही डावी बाजू मेंदूची की हाताची?' असे डॉक्टरांना विचारणारा, आणि उत्तर मिळेपर्यंत रकाना न भरणारा माणूसही रुग्णसेवाच करीत असतो. अशी दहा मुले-मुली आपल्या वस्त्यांतून पुढे आली, तर पक्षाघाताने पडलेला आपला माणूस निदान मोजला तरी जाईल, आणि त्याच्यानंतर येणाऱ्यासाठी जवळच्या रुग्णालयात यंत्र आणि औषध मागण्याचा आधार आपल्या हातात राहील.

जय भीम! नमो बुद्धाय!